नाचणीचं शेत आणि रिकामी गव्हाण: घरच्या नाताळची तयारी, पहिल्या रविवारपासून तीन राजांपर्यंत

आमच्याकडे 12 डिसेंबरच्या रात्री वाटीभर नाचणी भिजत पडते, आणि ती पडली की नाताळ आला असं घरातलं लहान पोरही ओळखतं. बारा दिवसांनी तीच नाचणी गोठ्यात, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यात, चार बोटं उंच हिरवं शेत होऊन उभी असते. कंदील, केक, नवे कपडे यांतलं काहीतरी एखाद्या वर्षी राहून गेलेलं आहे. नाचणी कधी राहिली नाही.

माझं माहेर वसईच्या हरित पट्ट्यातलं आणि सासरही तिथलंच. त्यामुळे गोठा कसा करतात हे कुणाला विचारावं लागेल असं मला पूर्वी वाटलंच नव्हतं. आता भाचरं फ्लॅटमध्ये गेली, चुलत बहीण आखातात गेली, आणि डिसेंबर उजाडला की फोन सुरू होतात. "काकी, नाचणी कुजली, आता काय करू?" "कंदिलाची पाकळी वाकडी होते गं." तुकड्या-तुकड्याने दरवर्षी सांगते तेच इथे एकदा क्रमाने लिहिते. ज्यांच्या घरी नाताळ नसतो पण मुलांबरोबर गोठा करून पाहायचा आहे, त्यांनाही हे जमेल. दिवाळीत किल्ला केलेला असेल तर निम्मं काम तुम्हाला येतंच.

आधी एक विनंती. सगळी सजावट एका रविवारी उरकू नका. बाजारात नोव्हेंबरमध्येच पूर्ण मांडलेले गोठे मिळतात, बाळ येशूसकट. ते आणून टेबलावर ठेवले की झालं, असं वाटतं. पण नाताळच्या आधीचे चार आठवडे हे वाट पाहण्याचे आहेत, म्हणून तर त्यांना आगमनकाळ म्हणतात. घरानेही तशीच वाट पाहावी. रोज थोडं थोडं भरत जावं, आणि गव्हाण शेवटपर्यंत रिकामी राहावी. पुढचं सगळं वेळापत्रक या एका गोष्टीभोवती बांधलेलं आहे.

पहिला रविवार: चार मेणबत्त्या

आगमनकाळाचा पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर या दरम्यान येतो. त्या दिवशी घरात फक्त एक गोष्ट येते, ती म्हणजे चार मेणबत्त्यांचं हिरवं कडं. तीन मेणबत्त्या जांभळ्या, एक गुलाबी. दर रविवारी एक जास्त पेटवायची. गुलाबी मेणबत्ती तिसऱ्या रविवारची, कारण तो आनंदाचा रविवार, आणि त्या दिवशी फादरांचा झगाही गुलाबी असतो. ही पद्धत जर्मनीतली. 1839 साली हॅम्बुर्गमध्ये योहान विशर्न यांनी अनाथाश्रमातल्या मुलांना नाताळ किती दिवसांवर आला हे कळावं म्हणून गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, त्यातून ती सुरू झाली. आमच्या आजीच्या काळी वसईत हे नव्हतं. माझ्या मुलांनी चर्चमध्ये पाहिलं आणि घरी हट्ट धरला. मला ते आवडलं, राहिलं.

कडं करायला पितळी किंवा स्टीलची थाळी घ्या. तळाशी बोटभर वाळू पसरा आणि मेणबत्त्या वाळूत घट्ट रोवा. सभोवती हिरवा पाला लावा. आम्ही कुंडीतल्या ख्रिसमस ट्रीच्या, म्हणजे अरौकेरियाच्या, खालच्या फांद्या घेतो. पाला वाळला की तो आगकाडीसारखा पेटतो, म्हणून दर शनिवारी बदला. मेणबत्त्या जेवणाआधीच्या प्रार्थनेपुरत्या लावायच्या आणि लगेच विझवायच्या.

याच आठवड्यात केकची फळं भिजत घाला. काळ्या मनुका, बेदाणे, खजूर, संत्र्याची साल, आणि असतील तर सुकेळी. राजेळी केळ्यांची सुकेळी ही आमच्याकडची खासियत आहे. बारीक चिरून रममध्ये किंवा संत्र्याच्या रसात मुरवली की केकला जो ओलावा येतो तो नुसत्या बेदाण्यांनी येत नाही. रमातली फळं बाहेर महिनाभर टिकतात. रसातली मात्र फ्रिजमध्येच ठेवायची आणि केकच्या आदल्या दोन दिवसांतच भिजवायची.

कंदील: साडेअठ्ठावीसचा हिशेब

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कंदील. चांदणीचा, पाच टोकांचा, मागून-पुढून फुगलेला. प्लॅस्टिकचे घडीचे तारे स्वस्त मिळतात, पण कामट्यांच्या कंदिलाला आतून जो उजेड फुटतो त्याची सर त्यांना नाही.

बुरुडाकडून दहा कामट्या आणा. प्रत्येक कामटी 75 सेंमी लांब, 1 सेंमी रुंद आणि 3-4 मिमी जाड हवी. जाडी सगळ्यांची सारखी असली पाहिजे, नाहीतर एक टोक जास्त वाकतं आणि चांदणी लुळी दिसते. पाकळी वाकडी होण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. कामट्या तीन-चार तास पाण्यात ठेवल्या की वाकताना चिरफळत नाहीत.

आता प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांकडून साडेअठ्ठावीस सेंमीवर पेन्सिलीने खूण करा. मध्ये अठरा सेंमी उरतात. पाच टोकांच्या चांदणीत प्रत्येक रेघ दुसऱ्या दोन रेघांना नेमकी याच ठिकाणी छेदते. लांबी कितीही घ्या, टोकापासून छेदापर्यंतचं अंतर लांबीच्या 0.382 पट भरतं. माझे सासरे हे अंतर दोरीने मापायचे. त्यांना आकडा माहीत नव्हता, पण चांदणी कधी चुकली नाही. मला आकडा लागतो.

कागदावर हात न उचलता चांदणी काढतो तशा पाच कामट्या जमिनीवर मांडा. आधी पाच टोकं मेणाच्या दोऱ्याने बांधा, मग खुणांवर जुळवून पाच छेद बांधा. दुसरी चांदणी अगदी तशीच. दोन्ही एकमेकींवर ठेवून फक्त टोकं एकत्र बांधा. मग मधल्या पाच छेदांशी, दोन चांदण्यांच्या मध्ये, पंधरा सेंमीचे पाच तुकडे आडवे सारायचे. तुकड्यांच्या दोन्ही टोकांना खाच पाडून घेतली तर ते निसटत नाहीत. एका वेळी एक न बसवता समोरासमोरचे आधी बसवा. पाचवा तुकडा बसला की सांगाडा टणक होतो, बोटाने टिचकी मारली तर वाजतो.

कागद पतंगाचा घ्या आणि खळ घरची करा. दोन चमचे मैदा कपभर पाण्यात कालवून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा. आधी बाजूचे दहा त्रिकोण लावा. त्यांच्या दोन बाजू साडेअठ्ठावीस आणि पाया पंधरा, शिवाय चिकटवायला सगळीकडून सेंमीभर जादा. नंतर पुढची आणि मागची तोंडं. मागच्या बाजूचा खालचा एक त्रिकोण न चिकटवता नुसता घडी घालून ठेवा, तिथून बल्ब आत जाईल. बल्ब पाच वॅटचा एलईडी पुरे. जुने पिवळे बल्ब तापतात आणि पतंगाचा कागद त्यांच्यापुढे टिकत नाही. डिसेंबरात आमच्याकडे पहाटे दव पडतं, तेव्हा कंदील ओटीच्या छपराखालीच टांगायचा.

शेजारच्या घरी दिवाळीचा आकाशकंदील आणि आमच्या घरी नाताळचा, दोन्ही बरीच वर्षं माझ्या सासऱ्यांच्याच हातचे असायचे. फक्त आकार बदलायचा.

झाडाबद्दल थोडक्यात. पूर्वी आमच्याकडे किनाऱ्यावरच्या सुरूची फांदी आणून सजवायचे. आता ती तोडू नका. ते बन किनारा धरून ठेवतं आणि तिथली तोड बेकायदा आहे. रोपवाटिकेत ख्रिसमस ट्री म्हणून मिळतं ते अरौकेरिया. कुंडीतलं घेतलं तर वर्षानुवर्षं पुरतं. त्याच्या फांद्या नाजूक असतात, म्हणून जड गोळे टांगू नयेत. आमच्या झाडावर कागदी चांदण्या आणि मुलांनी रंगवलेल्या करवंट्यांचे तुकडे असतात, बाकी काही नाही.

नाचणी पेरायची कशी

12 तारखेला रात्री नाचणी धुऊन भिजत घाला. सकाळी निथळून ओल्या फडक्यात बांधून ठेवा. 14 ला सकाळपर्यंत पांढरे मोड डोकावतात. पसरट ताटल्यांना किंवा केळीच्या सोपटांच्या द्रोणांना तळाशी भोकं पाडा. मग अर्धी माती आणि अर्धा नारळाचा भुसा असा दोन बोटं थर भरा. त्यावर नाचणी दाट, पण एकावर एक थर येणार नाही अशी पसरा. वरून मातीची चिमूट भुरभुरा आणि ओलं गोणपाट झाका. दोन दिवस उघडायचं नाही. मग गोणपाट काढून उजेडात, पण थेट उन्हात नाही, असं ठेवायचं.

पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. नाचणी कुजल्याचे जेवढे फोन मला येतात त्यात पाणी ओतलेलंच असतं. सकाळी एकदा आणि दुपारी उन्हं कडक असतील तर आणखी एकदा हाताने शिंपडा. रोपं एकाच दिशेला झुकायला लागली तर ताटली रोज फिरवा. 24 ला चार बोटं उंची मिळते.

वेळ चुकली तर गहू पेरा. नवरात्रातल्या घटाचं धान्य पाहिलेल्यांना ठाऊक असेल, गहू आठ-नऊ दिवसांत वीतभर होतो. गोठ्यातल्या सहा इंची मूर्तींपुढे तो उसासारखा दिसतो खरा, पण कात्रीने कापून घेता येतो. आणि पाचच दिवस उरले असतील तर किल्ल्यावर टाकतात तो हळीव. गोव्यातही गोठ्यासाठी नाचणीच पेरतात. हंगेरी आणि क्रोएशियात 13 डिसेंबरला, संत लुसीच्या सणाला, गहू पेरतात आणि नाताळला त्याची हिरवी ताटली टेबलावर ठेवतात. एवढ्या लांबच्या लोकांनी आपल्यासारखाच बारा-तेरा दिवसांचा हिशेब धरला आहे, हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

गोठा

1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस यांनी एका गुहेत गवत घातलेली गव्हाण ठेवली, खरा बैल आणि खरं गाढव आणलं, आणि तिथे मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे चर्चची सामुदायिक उपासना, झाली. गरीब घरचं बाळ कसं जन्मलं ते लोकांनी डोळ्यांनी पाहावं, एवढंच त्यांना हवं होतं. गोठा करताना मी हे डोळ्यांपुढे ठेवते. चमचम जितकी वाढेल तितका गोठा त्या बाळापासून लांब जातो, असं मला मनापासून वाटतं.

आमचा गोठा ओटीवर असतो, सहा फूट बाय चार फूट. फ्लॅटमध्ये तीन फूट बाय दोन फुटांचं कोपऱ्यातलं टेबल पुरतं. भिंतीचा कोपरा मिळाला तर उत्तम, कारण डोंगराला दोन्हीकडून आधार मिळतो. काम 16-17 डिसेंबरला सुरू करा.

खाली जाड प्लॅस्टिक अंथरा. मागच्या बाजूला विटा, डबे, उलट्या बादल्या रचून उंचसखल आधार तयार करा. मागे दीड फूट उंच आणि पुढे येताना जमिनीला टेकणारा. थर्माकोल नको. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात 2018 पासून बंदी आहे, आणि तसाही त्याचा डोंगर खोटाच दिसतो. चाळलेली माती पाण्यात कालवून इडलीच्या पिठाइतकी दाट करा. त्यात गोणपाट बुडवून, जरा निथळून, आधारांवर टाका आणि चुण्या तशाच राहू द्या. दोन दिवसांत वाळून गोणपाट कडक होतं. बारीक भेगा पडतात, त्या बुजवू नका, त्यांनीच डोंगर डोंगरासारखा वाटतो. घरात माती नको असेल तर खाकी कागद चुरगळून, उलगडून, पुन्हा चुरगळून घ्या आणि त्यावर चहाच्या पाण्याचे हात मारा.

मुख्य झोपडी मूर्तींच्या मापाने बांधायची. मूर्ती सहा इंची असतील तर वळचण नऊ-दहा इंचांवर, रुंदी पंधरा इंच, खोली आठ इंच. बांधकामाला वाळक्या फांद्या आणि सुतळी. छपराला भाताचा पेंढा, आणि पेंढा दोन दिवस कडक उन्हात घालून मगच घरात आणायचा. एका वर्षी मी घाईत ओलसर पेंढा वापरला आणि तिसऱ्या दिवशी सगळ्या गोठ्यावर बुरशीचा वास. मोडून पुन्हा बांधावा लागला.

त्यानंतरचं गाव तुमचं. आमच्या गोठ्यात बेथलेहेमशेजारी वसई असते. रहाट असतो, कारण माझ्या आजोबांच्या वाडीत केळीला पाणी रहाटाचंच होतं. केळीच्या कोंबांची छोटी बाग, मिठागराचे चौकोन, आणि विहिरीवर लाल लुगड्यातली कुपारी, म्हणजे वसईच्या ख्रिस्ती समाजातली, बाई, मातीची, आमच्या मुलीने नववीत असताना केलेली. कुणी म्हणतं, बेथलेहेमात केळी कुठली? पण बाळ आपल्या दारी जन्मलं असं मानायचं तर दार आपलंच हवं. तुम्ही साताऱ्याचे असाल तर ज्वारीचं शेत करा, नागपूरचे असाल तर संत्र्याची झाडं लावा. मोठ्या मूर्ती पुढे आणि लहान मागे ठेवल्या की दोन फुटांतही गाव लांबवर पसरल्यासारखं दिसतं. तळ्यासाठी आरसा न वापरता काळ्या रंगाच्या ताटलीत खरं पाणी घाला. रात्री त्यात उजेड हलतो.

उजेड एकाच ठिकाणी असावा. गव्हाणीच्या वर, आढ्यामागे लपवलेला छोटा पिवळा एलईडी. लुकलुकणाऱ्या माळा डोळ्याला गव्हाणीवर ठरू देत नाहीत, त्या हव्यातच तर झाडावर लावा. वायर पेंढ्यातून न्यायची नाही. ती डोंगराच्या मागून आणा, जोड उघडा ठेवू नका, आणि झोपताना बटण बंद. गोठ्यात पणती किंवा मेणबत्ती कधीच नाही.

मूर्तींचा क्रम हा आमच्या घरातला सगळ्यांत जपलेला भाग. झोपडी उभी राहिली की पहिल्या दिवशी फक्त गाय-बैल, गाढव, मेंढरं. बैल आणि गाढव शुभवर्तमानातल्या, म्हणजे बायबलमधल्या येशूचरित्रातल्या, जन्माच्या गोष्टीत नाहीतच. ते यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातून आले, जिथे बैल धन्याला आणि गाढव धन्याच्या गव्हाणीला ओळखतो असं म्हटलं आहे. मुलांना हे सांगा, त्यांना फार आवडतं. दुसऱ्या दिवसापासून मरिया आणि जोसेफ गोठ्याच्या पार दुसऱ्या टोकाला निघतात आणि रोज रात्रीच्या प्रार्थनेनंतर मुलं त्यांना वीतभर पुढे सरकवतात. विहीर ओलांडतात, रहाटापाशी मुक्काम करतात. आमच्याकडे वाटेत एक बंद दाराचं घर असतं, तीच उतारशाळा, जिथे त्यांना जागा मिळाली नाही. 23 ला रात्री ते तिथे पोहोचतात, 24 ला संध्याकाळी झोपडीत. मेंढपाळ शेतात, नाचणीच्या कडेला. गव्हाणीत गवत घातलेलं, बाकी रिकामी.

माझा धाकटा पाच वर्षांचा असताना रोज सकाळी उठून गव्हाण तपासायचा. "अजून नाही आला?" हा प्रश्न आठ दिवस घरात राहायला हवा, त्यासाठीच हा खटाटोप.

कुलकुल, सगळ्यांनी मिळून

फराळात करंज्या, दोदोलची मिठाई, नारळाच्या वड्या, केक असं बरंच होतं आणि त्यातलं बरंचसं तुम्हाला येत असेल. कुलकुल मात्र लिहून देते, कारण ते एकट्याने करायचं काम नाही. 20-21 तारखेच्या संध्याकाळी जावा, नणंदा, मुलं, पुरुषमाणसं सगळी चटईवर बसली पाहिजेत.

अर्धा किलो मैद्यात शंभर ग्रॅम बारीक रवा, शंभर ग्रॅम पिठीसाखर आणि अर्धा चमचा मीठ मिसळा. तीन मोठे चमचे कडकडीत तुपाचं मोहन घाला. एक अंडं फेटून घाला, नको असेल तर वगळा. मग नारळाचं दाट दूध लागेल तसं, साधारण एक वाटी, घालत पुरीच्या पिठापेक्षा थोडं मऊ मळा आणि तासभर झाकून ठेवा. रवा फुगला की पीठ आपोआप घट्ट होतं.

बोराएवढी गोळी घ्यायची. फक्त याच कामासाठी ठेवलेल्या नव्या कंगव्यावर किंवा काट्याच्या पाठीवर ती अंगठ्याने पसरायची आणि टोकाकडून गुंडाळत आणायची. शिंपल्यासारखा वळ येतो. शेवटची कड नीट दाबा, नाहीतर तेलात सुटते. वळलेले कुलकुल ओल्या कापडाखाली ठेवा आणि मध्यम आचेवर थोडे थोडे तळा. पिठात साखर असल्यामुळे मोठ्या आचेवर बाहेरून लाल आणि आतून कच्चे राहतात. बदामी रंगाला आले की काढा, बाहेर काढल्यावर रंग आणखी चढतो. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. कुरकुरीत तळलेले दोन-तीन आठवडे टिकतात. काही घरी वरून साखरेचा पाक चढवतात. आम्ही चढवत नाही.

लहान मुलांचे वळ वाकडेतिकडे होतील. ते वेगळे काढू नका, सगळ्यांत मिसळून तळा. डब्यातून काढताना "हा माझा" म्हणून जो ओरडा होतो, तो आमच्याकडे जानेवारीपर्यंत चालतो.

24 ची रात्र

दुपारी नाचणीच्या ताटल्या गोठ्यात बसवा. कडा मातीने आणि पेंढ्याने झाका, म्हणजे ताटली दिसणार नाही. संध्याकाळी आल्तारावरचं, म्हणजे घरातल्या प्रार्थनेच्या वेदीवरचं, जुनं कापड काढून नवं घाला, हार घाला. आमच्या वाड्यांतली जाई त्या दिवशी घराघरांत असते. जेवण हलकं करा. कपडे इस्त्री करून आधीच टांगून ठेवा, मिस्सेला निघताना एका बुटाचा शोध कुठल्याही घरात होतोच.

बाळ येशूची मूर्ती आतापर्यंत आल्ताराच्या खणात, मऊ कापडात असते. मिस्सेहून परतलं की घरातले दिवे मालवतो. घरातलं सर्वांत मोठं माणूस मूर्ती बाहेर काढतं, सर्वांत लहानाच्या ओंजळीत देतं. ते पोर सगळ्यांपुढून जातं, प्रत्येकजण बाळाची पापी घेतो. मग मूर्ती गव्हाणीत ठेवली जाते आणि त्याच क्षणी आढ्यामागचा दिवा लागतो, तोपर्यंत तो एकदाही लावलेला नसतो. लूकच्या शुभवर्तमानातली, बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवल्याची ओळ कुणीतरी वाचतं. एक गीत होतं. नंतर कॉफी आणि केक, आणि मुलं गोठ्यापुढेच झोपी जातात. सगळं मिळून दहा मिनिटांचं आहे. पण आठवडाभर रिकामी पाहिलेली गव्हाण भरलेली दिसते तेव्हा माझ्या सासूबाईंचे डोळे दरवर्षी भरून यायचे, आणि आता माझे येतात.

सासूबाई गेल्या त्या डिसेंबरात आम्ही कंदील लावला नाही, फराळ केला नाही. गोठा मात्र केला, डोंगर आणि झोपडी, एवढाच. दुःखाच्या घरात नाताळचं काय करायचं असं पुष्कळजण विचारतात. मी हेच सांगते: उजेड आणि गोडधोड बाजूला ठेवलं तरी चालेल, बाळाला जागा द्या. त्या वर्षी फराळाचे डबे शेजाऱ्यांकडून आले, इतके की ठेवायला जागा नव्हती.

25 पासून तीन राजांपर्यंत

सकाळी तबकं निघतात. प्रत्येक तबकात कुलकुल, करंजी, केकचा तुकडा, दोदोल, आणि वर क्रोशाचा रुमाल. पहिली तबकं त्या घरांना, ज्यांच्याकडून दिवाळीचा फराळ आला होता. केकमध्ये अंडं असतं, तेव्हा जी घरं शाकाहारी आहेत त्यांची तबकं वेगळी लावा आणि तसं सांगून द्या. तबक रिकामं परत येत नाही. साखर येते, दोन केळी येतात, नुसतं एखादं फूल येतं. पुढचे आठ-दहा दिवस संध्याकाळी गावागावांतले गोठे पाहायला फिरायचं. मोठ्या गोठ्यांतलं रहाटाचं, पाण्याचं तंत्र जवळून पाहा आणि करणाऱ्या पोरांना बेधडक विचारा. ती आनंदाने सगळं उलगडून दाखवतात.

गोठ्यात अजून कुणीतरी यायचं आहे. 25 ला बाळाच्या भेटीला येणारे तीन राजे घराच्या दुसऱ्या टोकाला, आमच्याकडे स्वयंपाकघराच्या खिडकीत, उंटांसह निघतात. रोज थोडं पुढे: फ्रिजवर, कपाटावर, दूरदर्शनसंचाच्या शेजारी. मत्तयच्या शुभवर्तमानात ते तीन होते असं कुठेच म्हटलेलं नाही. भेटी तीन होत्या, सोनं, ऊद आणि गंधरस, त्यावरून राजे तीन झाले. आपल्या चर्चमध्ये हा सण आता जवळच्या रविवारी साजरा होतो, पण आमच्या घरात राजे 6 जानेवारीलाच पोहोचतात. गोव्यात रेइश मागुश, चांदर आणि कासावली इथे तीन मुलगे राजांच्या वेषात निघतात. कधी त्या दिवसांत गोव्यात असाल तर ते चुकवू नका. 6 तारखेला आम्ही गोठ्यापुढे थोडा ऊद जाळतो. नेहमीसारखा धूपदाणीत, पेंढ्यापासून हातभर लांब.

आवरताना

प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला, म्हणजे बहुधा त्यानंतरच्या रविवारी, गोठा आवरायचा. नाचणी एव्हाना पिवळी पडायला लागलेली असते, ती मुळांसकट गाईला किंवा कोंबड्यांना. पेंढा केळीच्या बुंध्याशी. गोणपाट झटकून, उन्हात वाळवून गुंडाळून ठेवा, तीन-चार वर्षं पुरतं. कंदिलाचा कागद ओला करून सोलून काढा आणि मधले पाच तुकडे काढून घ्या, सांगाडा चपटा होतो आणि माळ्यावर मावतो.

मूर्ती कोरड्या ब्रशने पुसा, ओल्या फडक्याने रंग जातो. टवका उडाला असेल तर आत्ताच एम-सीलने भरून रंगवा, पुढच्या डिसेंबरात वेळ मिळत नाही. एकेक मूर्ती कागदात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत, बोजड खाली, उंटांचे पाय वर. बरोबर कडुनिंबाचा वाळका पाला. बाळ येशू पेटीत जात नाही. तो सासूबाईंच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून परत आल्ताराच्या खणात.

पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर दरवर्षी दोन-तीन ओळी लिहायच्या, पुढच्या वर्षी उपयोगी पडतील अशा. यंदाच्या ओळी मुलीच्या अक्षरात आहेत: नाचणी 12 ला भिजवली, 24 ला चार बोटं. एक मेंढरू कमी आहे, घ्यायचं. रहाटाचा दोरा बदलायचा.